गाडी पायथ्याशी, माणूस शिखरावर

यवतमाळ जिल्ह्यात डोंगर भरपूर आहेत, थंड हवेचे ठिकाण मात्र एकही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकला की इथल्या कुटुंबांपुढे दोनच वाटा उरतात. एक अमरावती-परतवाड्यावरून मेळघाट चढून चिखलदऱ्याला जाते, दुसरी आर्णीवरून धनोड्याला पैनगंगा ओलांडून माहूरला. चिखलदरा हे विदर्भातले एकमेव गिरिस्थान. माहूर हे तीर्थ, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. पण रेणुकेचे दर्शन, दत्तशिखर, अनसूया शिखर आणि परतताना जमले तर सहस्रकुंडाचा धबधबा असा बेत आखणाऱ्याला यात्रा कुठे संपते आणि सहल कुठे सुरू होते हे सांगता येणार नाही. माहूर महसुली नकाशावर नांदेड जिल्ह्यात आहे, पण नदी ओलांडली की यवतमाळ. अशा ठिकाणी रोपवे होणार ही बातमी आली, की ‘मग थेट शहरातूनच का नाही?’ असा प्रश्न कोणीतरी हमखास विचारतो. या प्रश्नाला हसण्यापेक्षा हिशेब करून पाहावा. रोपवे कशासाठी असतो आणि कशासाठी नसतो, हे त्यातूनच कळते.

दोरावर फिरणाऱ्या नेहमीच्या पाळण्यांचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. यवतमाळहून चिखलदरा सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर आहे. अधांतरी लोंबकळत जायला सात तास लागतील. माहूर सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे तीन तासांहून जास्त. एसटी त्याच्या आधी पोचेल, आणि वाटेत आर्णीला चहाही होईल. व्हिएतनाममध्ये समुद्रावरून होन थॉम बेटाकडे जाणारा रोपवे जगातल्या सर्वांत लांब रोपवेंमध्ये गणला जातो, त्याची लांबी आहे ७.९ किलोमीटर. शहरातून गिरिस्थानाला रोपवेने जाणे आपल्या देशात जिथे खरोखर शक्य झाले, त्या उत्तराखंडातल्या जोशीमठ-औली मार्गाची लांबी चार किलोमीटरच्या आसपास आहे, पण तेवढ्यात तो सुमारे हजार मीटर उंची चढतो. सपाटीवरचे अंतर कापणे हे रोपवेचे कामच नव्हे. जिथे रस्त्याला वळणामागून वळण घ्यावे लागते अशा उभ्या चढावर त्याची खरी कमाल दिसते.

ही कमाल ऊर्जेच्या भाषेत मांडली तर चकित व्हायला होते. सत्तर किलोच्या माणसाला ४०० मीटर उंच उचलायला लागणारी मूळ ऊर्जा एका युनिट विजेच्या तेराव्या हिश्श्याएवढी आहे. घर्षण, मोटरमधली गळती आणि रिकामे धावणारे पाळणे धरून ती पाचपट झाली तरी अर्ध्या युनिटच्या आत बसते. शिवाय उतरणाऱ्या पाळण्याचे वजन चढणाऱ्याला ओढायला मदत करते. विहिरीवरच्या रहाटाला दोन्ही टोकांना पोहरे बांधावेत तसे. चार माणसांची मोटार घाट चढते तेव्हा पावणेतीनशे किलो माणसांबरोबर हजारेक किलो लोखंडही वर जाते, आणि उतरताना ती सगळी मेहनत ब्रेक तापवण्यात जाते. मोटारीला रस्ता लागतो, रस्त्यासाठी डोंगर कापावा लागतो, वर पोचल्यावर उभी करायला जागा लागते, आणि शिखरावर सपाट जागा मुळातच थोडी असते. गिरिस्थानांची दुर्दशा बहुतेक वेळा या शेवटच्या गरजेतून होते.

म्हणून रोपवे चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. तो रस्त्याच्या जागी येतो की रस्त्याच्या जोडीला, हे आधी विचारले पाहिजे. जागी आला तर डोंगर वाचतो. जोडीला आला तर रस्त्यावरची गर्दी तशीच राहते आणि रोपवेची गर्दी तिच्यात भर घालते. महाराष्ट्रात या दोन्ही प्रकारांची उदाहरणे आहेत.

रायगडावर रोपवे १९९६ साली सुरू झाला. त्याआधी वर जायला चौदाशेहून अधिक पायऱ्या हाच मार्ग होता, आणि आजही मोटारीचा रस्ता पायथ्याशीच संपतो. पाळणा चार-पाच मिनिटांत वर नेतो. ज्यांचे गुडघे चालत नाहीत तेही राजसदर आणि महाराजांची समाधी पाहू शकतात, आणि जगदीश्वराच्या मंदिरासमोर मोटारींची रांग मात्र कधीच दिसत नाही. किल्ल्यावर रोपवे म्हणजे विटंबना, असे मानणाऱ्यांनी एकदा विचार करावा की लोकांचा रेटा वाढत गेला असता आणि रोपवे नसता, तर मागणी कशाची झाली असती? डांबरी रस्त्याचीच. सिंहगडावर तो झाला, आणि सुट्टीच्या दिवशी त्या घाटात काय होते हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

सप्तशृंगगडावरचे चित्र उलटे आहे. तिथे २०१८ पासून रुळांवरून दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. तिने पायऱ्या वाचवल्या, वृद्धांची मोठी सोय केली, यात वाद नाही. पण ती सुरू होते गडावरच्या गावातून, आणि त्या गावापर्यंत पोचायला नांदुरीहून घाट चढावाच लागतो. याच घाटात २००८ मध्ये भाविकांची बस दरीत कोसळून चाळीसच्या आसपास माणसे दगावली होती. ट्रॉली आल्यानंतरही, जुलै २०२३ मध्ये, एसटीची बस तिथेच खाली गेली. यंत्राने सोपा टप्पा आणखी सोपा केला आणि अवघड टप्पा होता तसाच राहिला. खालचे स्थानक कुठे ठेवायचे या एका निर्णयावर रोपवेचा बराचसा उपयोग ठरतो, आणि आपल्याकडे चर्चा होते ती वरच्या स्थानकावरून दिसणाऱ्या देखाव्याची.

माहूरसमोर आज हाच निर्णय आहे. केंद्राने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात रोपवेंसाठीची पर्वतमाला योजना जाहीर केली. २०२५ मध्ये राज्य सरकारने ४५ रोपवेंची यादी पुढे आणली आणि तिच्यात रेणुकामंदिर, अनसूया शिखर व दत्तशिखर यांना जोडणाऱ्या रोपवेचे नाव आहे. रेणुकामंदिराच्या पायऱ्यांना पर्याय म्हणून लिफ्ट आणि स्कायवॉकही हाती घेण्यात आला. शिखरे जोडण्याची कल्पना मोहक आहे. पण या तिन्ही ठिकाणी पायऱ्यांच्या तोंडापर्यंत आज रस्ता जातो. मोटारी रेणुकेच्या डोंगरापर्यंत जाणार, तिथे उभ्या राहणार आणि मग माणसे पाळण्यात बसणार असतील, तर हे दुसरे सप्तशृंग होईल. दोर खाली माहूर गावातून निघाला आणि वरचा रस्ता रुग्णवाहिका, माल आणि एसटीपुरता राखला, तर ते दुसरे रायगड होऊ शकते. खर्चात फार फरक पडणार नाही, गडाच्या पुढच्या पन्नास वर्षांत मात्र पडेल.

‘रस्ता असताना तो बंद कसा करणार, लोक ऐकतील का?’ हा पहिला आक्षेप. लोक आजही ऐकतात. नवरात्रात आणि राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला खासगी वाहने खालीच थांबवली जातात आणि एसटी भाविकांना वर नेते. सप्तशृंगगडावरही यात्राकाळात हीच पद्धत आहे. गर्दीच्या दिवशी ज्याला शिस्त म्हणतो ती एरवी जुलूम ठरत नाही. माथेरानला दस्तुरीपुढे मोटार जात नाही, म्हणून कोणी माथेरानला जायचे थांबलेले नाही. स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन गावाला पर्यटक गाडी दरीत ठेवून केबल कारने जातात, आणि मोटारींचा आवाज नाही म्हणूनच वर राहण्याचे पैसे मोजतात.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो हलका नाही. १० एप्रिल २०२२ ला, ऐन रामनवमीच्या दिवशी, झारखंडातल्या त्रिकूट पर्वतावरचा रोपवे बिघडला. माणसे चाळीस तासांहून अधिक काळ अधांतरी अडकली, हवाई दलाला बोलवावे लागले, तिघांचा जीव गेला. त्याआधी मे २०२१ मध्ये इटलीतल्या मोत्तारोने डोंगरावर ओढणारा दोर तुटला आणि चौदा माणसे मेली. दोर तुटला तरी पाळणा जागीच थांबवणारा आपत्कालीन ब्रेक तिथे होता. पण तो वारंवार लागून फेऱ्या अडतात म्हणून त्याला चिमटा लावून निकामी करून ठेवला होता. कंत्राटदाराची कमाई ज्या दिवशी सर्वाधिक, त्याच दिवशी यंत्रावर सर्वाधिक ताण आणि ते थांबवण्याची सर्वांत कमी इच्छा, हा रोपवेच्या धंद्यातला मूळ दोष आहे. त्यावर उपाय यंत्राचा नाही, कराराचा आहे: मोठ्या यात्रेपूर्वी तपासणीसाठी बंदचे दिवस आधीच ठरलेले हवेत, वाऱ्याची मर्यादा ओलांडली की फेऱ्या थांबवण्याचा अधिकार तिकीट विकणाऱ्याकडे नसावा, आणि बंदच्या दिवसाचे नुकसान भाड्याच्या हिशेबातच धरलेले असावे. हे लिहून घेता येत नसेल, तर रोपवे नसलेलाच बरा. घाटरस्ता सुरक्षित आहे असा मात्र यातून कोणी अर्थ काढू नये. रोपवेचा एक अपघात देशभर गाजतो. घाटातल्या बहुतेक अपघातांची बातमी जिल्ह्याच्या पानाबाहेर जात नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा. गिरनारवर ऑक्टोबर २०२० मध्ये १३० कोटी रुपये खर्चून २.३ किलोमीटरचा रोपवे सुरू झाला, तेव्हा डोलीवाल्यांच्या पोटावर पाय आला. माहूरला ओटी-नारळाची दुकाने पायऱ्यांच्या कडेने आहेत. भाविकांची वाट बदलली की धंदा बदलतो. ‘प्रगतीत थोडे नुकसान व्हायचेच’ हे उत्तर मला मान्य नाही, कारण नुकसान नेहमी त्याच माणसांचे होते. माथेरानच्या हातरिक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये जी दिशा दाखवली ती इथे उपयोगी पडेल: ओढणाऱ्याचे काम थांबवा, पण नवे वाहन त्याच्याच हाती द्या. खालच्या स्थानकातले गाळे आधी पायऱ्यांवरच्या दुकानदारांना मिळावेत, लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला नव्हे. ‘चढून जाण्यातच पुण्य’ म्हणणाऱ्यांच्या पायऱ्या कोणी काढून नेत नाही. उलट मोटारींचा धूर गेला तर चालणाऱ्याचीच सोय होईल.

एक आक्षेप मात्र माझ्याच मताला लागू पडतो. गाड्या पायथ्याशी ठेवा म्हटले की पायथा सुजतो. जोशीमठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये बंद पडला तो यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, तर जोशीमठ शहरच खचू लागल्यामुळे. जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेल्या गावावर बांधकामे वाढत गेली, आणि तिथला धोका १९७६ मध्येच मिश्रा समितीने सांगितला होता. माहूरची जमीन तशी कच्ची नाही. पण लहानशा गावाला हजारो गाड्या, लॉज, सांडपाणी आणि पिण्याचे पाणी पेलायला लावले तर त्याचेही काही खरे नाही. पवनारहून निघून गोव्याच्या सीमेपर्यंत जाणारा, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा, प्रस्तावित शक्तिपीठ महामार्ग माहूरचा भाविकच डोळ्यांसमोर ठेवून आखला आहे. शेतकऱ्यांचा विरोध पाहता तो कधी आणि कुठून होईल हा वेगळा विषय. झालाच, तर येणारी वाहने आजच्या कितीतरी पट असतील.

इथे यवतमाळचा संबंध येतो. पायथा माहूर गावातच हवा असे कुठे लिहिले आहे? वाहनतळ पैनगंगेच्या अलीकडे, धनोड्याच्या बाजूला ठेवता येतो. तिथून ठरावीक वेळाने सुटणारी एसटी, आणि एसटीचे व रोपवेचे एकच तिकीट. गिरनारचा रोपवे ताशी ८०० माणसे नेण्याच्या क्षमतेचा आहे, म्हणजे पन्नास आसनांच्या सोळा बस. माहूरला तेवढाच धरला, तरी वर्षातले बरेच दिवस एवढ्याने भागावे. नवरात्रात भागणार नाही, तेव्हा बस आजच्यासारख्या थेट वर जाव्यात. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढचा मार्ग यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद असा जातो, माहूरला स्पर्श करत नाही. नागपूर-वर्ध्याकडून रेल्वेने येणाऱ्याला शेवटचा टप्पा बसनेच करावा लागेल. ती बस स्थानकाच्या दारातून सुटली तर स्वतःची गाडी घरी ठेवण्याइतका विश्वास त्याला वाटेल.

अडचण पैशाची नाही, हद्दीची आहे. गड नांदेड जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगर विभागात. वाहनतळाची जमीन यवतमाळ जिल्ह्यात, अमरावती विभागात. दोर केंद्राच्या योजनेतून, बस राज्याच्या महामंडळाची. रोपवेच्या निविदेत खांब, दोर आणि पाळणे येतील, पण नदीच्या धनोड्याकडची दहा-वीस एकर जागा आणि एसटीच्या फेऱ्या कोणी आठवण करून दिल्याशिवाय त्यात येणार नाहीत. ती आठवण यवतमाळच्या लोकप्रतिनिधींनीच द्यायला हवी, आणि खालच्या स्थानकाची जागा कागदावर पक्की होण्याच्या आत.