शहराच्या बाकावर हक्काने बसा!

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आमच्या जिल्ह्यातील माणसे मिळेल त्या गाडीने परत फिरतात. एका वर्षी आम्ही काही मंडळी मुद्दाम एक दिवस थांबलो. सात तारखेला सकाळी काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयासमोर उभे होतो. सोबत कळंब तालुक्यातील एक आजी होत्या. मुलगा वीस वर्षे मुंबईत कामाला, म्हणून आजी कितीतरी वेळा मुंबईला आलेल्या. पण मुंबई म्हणजे दादर स्टेशन, शिवाजी पार्क आणि मुलाची खोली. त्यापलीकडची मुंबई त्यांनी पाहिलेली नव्हती. घुमटाची ती इमारत आणि दारातला पहारेकरी पाहून आजी थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आत सोडतेल का आपल्याला?"

वाचकहो, हा प्रश्न आमच्या काळजाला लागला. तिकिटाचे पैसे आमच्या हातात होते. दरवाजा उघडा होता. अडवणारे कोणी नव्हते. तरीही आजीचे पाऊल उंबऱ्यावर अडले. गावच्या पारावर ज्यांना बसू दिले नाही, हॉटेलात ज्यांची कपबशी वेगळी ठेवली गेली, त्यांच्या पायात पिढ्यान् पिढ्या एक बेडी पडलेली आहे. कायद्याने ती तुटली, पण मनातली अजून पुरती तुटलेली नाही. आजचा आमचा विषय हाच आहे. शहरात राहावे कसे, शहराचा आनंद घ्यावा कसा? काही जणांना हा विषय हलका वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही.

दिवाळी संपली की धाराशिवच्या बसस्थानकावर संध्याकाळी उभे राहून पाहा. भूम, परंडा, वाशी, कळंबकडची माणसे बोचकी घेऊन निघालेली दिसतील. कोणी ऊसतोडीला, कोणी भोसरी-चाकणच्या कारखान्यात, कोणी सोसायटीच्या गेटवर पहारा करायला, कोणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला. दहा-दहा वर्षे पुण्यात काढलेला एक तरुण आम्हाला म्हणाला, "सर, कंपनी आन् खोली, एवढंच पुणं बघितलंय. सुट्टीला कुठं जावं? जिथं जावं तिथं पैसा लागतो." हे अर्धसत्य आहे. मॉलमध्ये पैसा लागतो, हे खरे. पण शहराची खरी श्रीमंती मॉलमध्ये नाही. ती बागेत, ग्रंथालयात, समुद्रकिनारी, संग्रहालयात, लेण्यांत आणि लोकलच्या खिडकीत आहे, आणि त्यातली बरीचशी फुकट किंवा थोडक्या पैशांत मिळते. तरीही आपला माणूस तिकडे फिरकत नाही.

या सार्वजनिक जागांशी आपल्या चळवळीचे नाते काय, हे एकदा आठवून पाहा. शाळकरी भीमराव मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. परळच्या चाळीतल्या खोलीत अभ्यासाला जागा कुठली? त्या बागेत शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांची नजर या वाचणाऱ्या मुलावर गेली आणि ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि केळुस्करांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या हाती दिले. १९५६ च्या धम्मक्रांतीकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे पहिले पाऊल एका सार्वजनिक बागेतल्या बाकावरून निघाले आहे!

दुसरी बाग बडोद्याची. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहायला कोणी खोली दिली नाही. पारशी खानावळीतून हुसकावून लावल्यावर मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते कामाठी बागेत बसून राहिले. घरांची दारे बंद झाली तेव्हा आसरा दिला तो सार्वजनिक बागेने. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

पुढे याच बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी तो मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. कागदावरचा ठराव कागदावरच राहतो हे पाहून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या पाण्याने कोणाची तहान भागवायची नव्हती. जे सर्वांचे आहे ते आमचेही आहे, एवढे सिद्ध करायचे होते. मग आज शहरातला बाक, वाचनालयातली खुर्ची आणि संग्रहालयाचे दार आपण वापरत नसू, तर चवदार तळे खुले करून आपण काठावरच उभे राहिलो असे होत नाही काय?

कोणी कार्यकर्ता म्हणेल, "समाजावर अन्याय होत असताना हे फिरण्याचे चोचले कशाला?" त्यांना आमचे नम्र उत्तर असे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्याचा लढा त्यांनी तडीस नेला आणि १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. वाचलेले हे तास त्यांनी कशासाठी मागितले होते? माणसाला फुरसत मिळावी, पशूसारखे राबण्यापलीकडे त्याला वाचता, विचार करता यावा म्हणून. यंत्रयुगाला नावे ठेवणाऱ्यांना त्यांनी हेच सुनावले होते. ते स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकले. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसने उभारलेल्या स्मारक-संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तूंबरोबर ते व्हायोलिनही आहे. ते एकदा पाहून या, आणि मग सांगा आनंद हा चोचला आहे काय!

आता कामाचे बोलू. आम्ही स्वतः केलेले, पारखून घेतलेले सांगतो.

पुण्यातल्या बांधवांनी एका रविवारी पुणे-लोणावळा लोकल धरावी. दुपारी गाड्या कमी असतात, म्हणून सकाळीच निघावे. वाटेत देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ते विहार इथले. वंदन करून पुढची लोकल धरा आणि मळवलीला उतरा. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. पाय चांगले असतील तर दोन्ही होतात, मुले सोबत असतील तर एकच करा. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहा. दगडी छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्या साध्या माणसांची नावे कोरलेली आहेत, आणि दाराचे काम करणाऱ्या धेनुकाकटच्या एका सुताराचेही नाव आहे. आज इमारती बांधणाऱ्या आपल्या गवंड्याचे नाव कोणत्या भिंतीवर आहे? हा प्रश्न मुलांना तिथेच विचारा. वर्गात शिकवून कळणार नाही ते तिथे कळेल.

मुंबईत उतरणाऱ्यांनी एक पायी फेरी करावी. लातूरकडून येणारी आपली गाडी सकाळी सीएसएमटीला पोचते. बाहेर पडून दादाभाई नौरोजी रस्त्याने चालू लागा. याच रस्त्यावर पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे आनंद भवन आहे. १९४६ साली सुरू झालेले सिद्धार्थ कॉलेज याच सोसायटीचे. पुढे हुतात्मा चौकाच्या आसपास फुटपाथवर जुनी पुस्तके मिळतात. भाव करायला लाजू नका. आणखी पुढे काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत दिसेल. मॅट्रिकनंतर भीमराव याच कॉलेजात शिकले. जवळच वस्तुसंग्रहालय आणि त्याला लागून जहांगीर आर्ट गॅलरी. गॅलरीत तिकीट नाही. ती अकराच्या सुमारास उघडते. चित्र कळत नसले तरी आत जा. कळत नाही म्हणून हाकलून देत नाहीत, आणि चार वेळा पाहिले की कळू लागते. विद्यार्थ्यांनी कॉलेजचे ओळखपत्र जवळ ठेवावे, बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते.

दुसरा दिवस असेल तर बोरिवलीला उतरून कान्हेरी गाठा. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, उद्यानाची बस मिळते. सोमवारी उद्यान बंद असते हे विसरू नका. शंभरावर लेणी आहेत, पण आम्हाला सर्वांत भावली ती पाण्याची टाकी. डोंगरावर पडणारा पाऊस दगडात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवून भिक्खूंनी वर्षभराची सोय केली होती. टँकरच्या रांगेत उभे राहणाऱ्या आमच्या धाराशिवकरांना ते पाहून कसे वाटेल, हे वेगळे सांगायला नको.

आणखी काही बारीक गोष्टी. लोकल पाहायची तर गर्दीच्या उलट वेळी, दुपारी पाहावी. सोबत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली असली की हॉटेलचा खर्च वाचतो, आणि समुद्राकडे तोंड करून खाल्लेली भाकरी जास्त गोड लागते. कामावरून परतताना आठवड्यातून एकदा दोन थांबे आधी उतरून चालत या. रोजच्या रस्त्यावर वाचनालय आहे, मैदान आहे, कोणाचे व्याख्यान आहे, हे बसमधून दिसत नाही, चालताना दिसते. महापालिकेच्या किंवा जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हा. खोलीत पाच जण झोपत असतील तर अभ्यासाची खुर्ची तिथे मिळेल. आणि महत्त्वाचे म्हणजे घरातल्या बाईला सोबत न्या. शहरातही तिचा रविवार धुण्या-भांड्यांत जातो. एका रविवारी पुरुषांनी स्वयंपाक करावा आणि तिने किनाऱ्यावर निवांत बसावे. स्त्रीमुक्तीचे भाषण न करताही हे करता येते!

शहर म्हणजे स्वर्ग आहे असा आमचा दावा नाही. खोली भाड्याने मागताना आडनाव इथेही विचारतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी खेड्याचे खरे रूप उघड केले आणि आपल्याला शहराची वाट दाखवली. म्हणून शहरातली जात आपोआप संपली असे नाही. पण बागेतला बाक जात विचारत नाही. म्हणूनच त्यावर बसण्याची सवय आपल्या मुलांना लागली पाहिजे. ज्या मुलाने लहानपणी संग्रहालयाचा उंबरा सहज ओलांडला, त्याचे पाऊल मोठेपणी मुलाखतीच्या दारात अडणार नाही.

आणि हो, मोठ्या शहराचे नाते आपल्याला नवे नाही. आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इथले कापड बैलगाड्यांतून भडोच बंदराकडे जात होते, असे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात नोंदले आहे. तिथल्या त्रिविक्रम मंदिराची विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्य असल्याचे अभ्यासक मानतात. गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या नगराच्या खुणा मांडून ठेवल्या आहेत. आमचे किती बांधव तिथे गेले आहेत? धाराशिवची लेणी तर शहराला लागूनच आहेत. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आपल्या कसबे तडवळ्याला आले होते. तिथे मुलाबाळांना घेऊन कधी गेलो? शहरात बागेचा आणि वाचनालयाचा आनंद घेतलेल्या तरुणांनी गावी परतल्यावर ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला विचारले पाहिजे : आमच्या वस्तीजवळ बाग कुठे आहे? वाचनालय संध्याकाळी बंद का? चार बाक टाकायला पैसे नाहीत काय? आनंदाची चव लागली की माणूस मागणी करायला शिकतो.

त्या दिवशी आजी आमच्याबरोबर आत आल्या. मीरपूरखासच्या स्तूपातील भाजक्या मातीच्या बुद्धमूर्तीसमोर त्या बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. मग घसा कोरडा पडला म्हणून पाण्याच्या नळापाशी गेल्या. त्यांच्या पुढे सुटाबुटातला एक गृहस्थ पाणी पीत होता. आजी त्याच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या, त्याच नळाचे पाणी प्याल्या, पदराने तोंड पुसले आणि आम्हाला म्हणाल्या, "दादा, दुपारून कुठं जायचंय?"

आम्ही त्यांना समुद्राकडे घेऊन गेलो. तुम्हीही तुमच्या आजीला घेऊन जा. जयभीम!