शिशाची गोळी आणि ठासणीची बंदूक

गोंदियाच्या जंगलपट्ट्यात, नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला, ठासणीच्या बंदुकीला ‘भरमार’ म्हणतात. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी, मग गोळी. वरून गजाने ठासायचं. घरी ओतलेली शिशाची गोळी मानवते ती हिलाच. शिसं 327 अंशांना, म्हणजे चुलीवरही वितळतं, आणि काळ्या दारूचा जोर बेताचाच. वेगवान रायफलीत तेच मऊ शिसं नळीतल्या पेचदार खाचांना थापलं जातं, नेम बिघडतो. म्हणून तिथे गोळीला तांब्याचं कवच. ओतताना उडणारी शिशाची वाफ-धूळ पोरांच्या मेंदूला बाधते, हे मात्र तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली. 1959 च्या शस्त्र कायद्याने भरमारलाही परवाना लागतो. माळ्यावर आजोबांची सापडलीच, तर पोलीस ठाण्यात कळवा.