आधी गटार, मग नोटीस

सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे गुजराती, हिंदी, ओडिया शेजाऱ्यांसोबत राहतात. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या धास्तीने लाखो लोक शहर सोडून पळाले. रोग काही भाषा विचारून घरात शिरत नव्हता! १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनी सकाळी कार्यालयात न बसता वस्त्यांत फिरून कचरा, गटारे पाहायची, हा त्यांचा दंडक. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसोबत पहिली आली.

आमच्या गल्लीच्या बैठकीत मात्र अर्धा वेळ नोटीस मराठीत की कन्नडमध्ये यातच जातो. मागच्या खेपेला शेजारच्या अक्का वैतागून म्हणाल्या, ‘‘मोदला गटार नोड्री!’’ इतिवृत्तात मी तेवढेच लिहिले. सोमवारी सकाळी वॉर्डाच्या अभियंत्यांना गल्लीतच बोलावले आहे.