चिठ्ठ्यांचा हिशोब : किशोरांसाठीच्या डिस्टोपियाची प्रतिष्ठा

ऑर्वेल आणि हक्सली यांच्या प्रौढांसाठीच्या कादंबऱ्यांचा वारसा सांगणारा ‘यंग अ‍ॅडल्ट डिस्टोपिया’, म्हणजे ज्या कल्पित राज्यात वरवर शिस्त आणि व्यवस्था दिसते पण माणसाचे स्वातंत्र्य संपलेले असते, त्याची किशोरवयीन पात्राच्या नजरेतून सांगितलेली कथा, लोइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’ला १९९४ चे न्यूबेरी पदक मिळाले तेव्हाच अमेरिकेत प्रतिष्ठित झाला होता, त्याला अफाट वाचकवर्ग मिळवून दिला तो मात्र सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या त्रयीने (२००८ ते २०१०).

या त्रयीची ख्याती बहुतांशी तिच्यातील आखाड्यावर उभी आहे. पॅनेम राज्याच्या बारा जिल्ह्यांतून दरवर्षी प्रत्येकी एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची आणि त्या चोवीस जणांची झुंज एकच जिवंत उरेपर्यंत दूरचित्रवाणीवर दाखवायची, ही कल्पना थरारक खरी, पण तिच्याशी जवळीक असलेली ‘बॅटल रॉयल’ ही कौशुन ताकामी यांची जपानी कादंबरी १९९९ मध्येच आली होती. कॉलिन्स यांचे खरे कसब आखाड्याबाहेर, ‘टेसेरा’ नावाच्या तरतुदीत दिसते. बाराव्या वर्षापासून प्रत्येक मुलाच्या नावाची दरसाल एक चिठ्ठी वाढते, परंतु घरात अन्न नसेल तर जादा चिठ्ठी घालून एका माणसाचे वर्षभराचे जेमतेम धान्य आणि तेल घेता येते. त्या चिठ्ठ्याही साठत जात असल्यामुळे सोळा वर्षांच्या नायिकेचे, कॅटनिसचे, नाव वीस वेळा आणि तिचा मित्र असलेल्या अठरा वर्षांच्या गेलचे बेचाळीस वेळा पडलेले असते. सोडत कागदोपत्री सर्वांना सारखी, मरणाची शक्यता मात्र भुकेच्या प्रमाणात. शिवाय त्यांच्या जिल्ह्यातील खाणकामगार आणि व्यापारी यांच्यात त्यामुळे जी तेढ राहते ती राजधानीच्या पथ्यावरच पडते. जुलूम कोणत्या यंत्रणेने चालतो हे इतक्या थोडक्यात दाखवणे प्रौढ साहित्यातही सहसा साधत नाही.

त्यानंतर आलेल्या लाटेत ही यंत्रणाच हरवली. व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये (२०११) शिकागोतील समाज पाच गटांत विभागलेला आहे आणि सोळाव्या वर्षी प्रत्येकाला त्यातला एक निवडावा लागतो, परंतु या विभागणीत कोणाचे पोट भरते आणि कोणाचे मारले जाते, यापेक्षा नायिका इतरांहून वेगळी कशी, यावरच कथेचा भर राहतो, तिथे राज्यव्यवस्था हा नायिकेच्या मोठेपणासाठी उभारलेला देखावा ठरतो. प्रेमत्रिकोणाचा सोस कॉलिन्स यांनाही सुटलेला नाही, आणि तिसऱ्या भागाची बांधणी विस्कळीत आहे, हे मान्यच करावे लागते. तरीही त्याच ‘मॉकिंगजे’मध्ये बंड यशस्वी झाल्यावर बंडखोरांची अध्यक्ष कॉइन राजधानीतील मुलांना घेऊन एक शेवटचा खेळ भरवण्याचा प्रस्ताव मांडते आणि कॅटनिस त्याला होकार देते. तो होकार सूडाचा की डावपेचाचा, हे लेखिका उलगडून सांगत नाही.