हुंडीइतकीच पारख संदेशाचीही

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. त्याच महिन्यात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा भारतात आली. यंत्राला मर्यादा घालता येते. पूर्वग्रहाला मात्र विवेकच आवरतो.

भद्रावती तालुक्यातील माजरीसारख्या कोळसा खाणींच्या गावात नाना प्रांतांची, नाना धर्मांची कुटुंबे शेजारी नांदतात. तेथील तरुणांना हा विवेक शिकविणे अगत्याचे आहे. व्यापारी घराण्यांना त्याची रीत नवी नाही. सही व मिती पारखल्यावाचून पेढी हुंडी सकारत नसे. संदेशालाही तेच विचारावे: मूळ लिहिणारा कोण? छायाचित्र कुठले, केव्हाचे? एकाचा दोष साऱ्या समाजावर का लादला आहे?

तत्त्वार्थसूत्राने ‘कूटलेखक्रिया’ म्हणजेच खोटे लेखन हा सत्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही वाटांनी दोष लागतो. म्हणून खोटा मजकूर केवळ पुढे पाठविणाराही त्यातून सुटत नाही. रोज सायंकाळी घरातील मुलांसमवेत आलेला एक तरी संदेश असा पारखून पाहावा.