हाताखालची पट्टी: सायकलच्या हँडलची टेप का, कधी आणि कशी बदलावी

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं सायकलच्या हँडलच्या टेपवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. माझं म्हणणं असं आहे की ज्या गोष्टीला आपण रोज हात लावतो आणि जिच्याकडे कधीच पाहत नाही, तिच्यावर बोलणं हे तत्त्वज्ञानाच्या माणसाचंच काम आहे. पण काळजी करू नका. आज आधी काम, मग विचार.

आपल्या शहरातून रविवारी पहाटे दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ या रस्त्याला लागणाऱ्या सायकली तुम्ही पाहिल्या असतील. त्यांवर साठी ओलांडलेली माणसंही असतात. बऱ्याच सायकली रोड बाइक प्रकारच्या, म्हणजे मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल असलेल्या. त्या हँडलवर रबरी मुठी नसतात, एक लांब पट्टी गुंडाळलेली असते. तिला सगळे टेप म्हणतात, आपणही टेपच म्हणू.

टेप असते कशासाठी?

सायकल आणि माणूस तीन ठिकाणी एकमेकांना भेटतात: सीट, पेडल आणि हँडल. सीटवर आपण हजारो रुपये खर्च करतो, पेडलसाठी खास बूट घेतो. हँडलची टेप मात्र फाटून लोंबायला लागेपर्यंत तशीच राहते.

टेपची कामं तीन. घामेजलेला हात निसटू न देणं, रस्त्याचे हादरे थोडे कमी करणं, आणि हँडलच्या कडेनं गेलेल्या केबल जागच्या जागी धरून ठेवणं. यांत हादऱ्यांचा मुद्दा आपल्या वयाच्या लोकांनी नीट ऐकावा. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं, मनगटापाशी, अल्नर नावाची नस जाते. तासन्‌तास तिथं दाब पडला की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मुंग्या येतात. दुर्लक्ष केलं तर बोटांची ताकद कमी होते, शर्टाचं बटण लावणंही अवघड जातं. डॉक्टर मंडळी याला सायकलस्वारांचा आजार म्हणूनच ओळखतात. चांगली टेप हा त्यावरचा पूर्ण इलाज नव्हे. सीटची उंची, हँडलचं अंतर, हात सारखे हलवत राहणं, हे सगळं लागतं. पण घासून कागदासारखी झालेली टेप तो त्रास वाढवते, एवढं नक्की.

आता दुसरा धोका. हँडल ही पोकळ नळी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना बुचं असतात. टेप सैल झाली की बूच पडतं, आणि आपण म्हणतो, जाऊ द्या, एवढंसं प्लॅस्टिक. पण पडल्यावर ते उघडं टोक पोटात किंवा मांडीत घुसलं तर नळी गोल पात्यासारखी कापते. म्हणून स्पर्धेच्या आधी सायकल तपासताना बुचं आहेत का हे पाहतात. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा: बुचाशिवाय सायकल घराबाहेर काढायची नाही.

कधी बदलायची?

वर्षाचा ठरावीक नियम नाही. टेप चकचकीत आणि गुळगुळीत झाली, दाबल्यावर परत वर येईनाशी झाली, वेढ्यांच्या मधून धातू दिसू लागला, कडा उलटल्या, की समजावं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. घाम जास्त, धूळ जास्त. त्यामुळे उन्हाळा संपताना एकदा उघडून पाहावं.

बाजारात कॉर्कचा भुसा मिसळलेल्या फोमची टेप मिळते, रबरासारख्या पॉलियुरेथेनची मिळते, सुती आणि चामड्याचीही मिळते. किंमत काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. जाडी साधारण दोन ते साडेतीन मिलिमीटर. जाड तेवढी चांगली असं समजू नका. लहान हाताच्या माणसाला जाड टेपवर मूठ पुरी मिटता येत नाही, आणि मग पकड टिकवायला तो जास्त जोर लावतो. एका पाकिटात दोन गुंडाळ्या, दोन बुचं, शेवटी लावायच्या दोन चिकटपट्ट्या, आणि बहुतेक वेळा दोन छोटे तुकडे असतात. ते तुकडे कशासाठी ते पुढे सांगतो, फेकू नका.

जुनी काढताना

आधी ब्रेकच्या लिव्हरवरचं रबरी आवरण मागच्या कडेनं उचलून पुढे उलटवा. मग हँडलच्या मध्याजवळची चिकटपट्टी सोडा आणि टेप उलट्या दिशेनं उलगडत या. टोकाशी आलात की बूच काढा.

इथं एक मोह होतो. चाकूनं टेप उभी चिरली की काम दोन मिनिटांत. ते करू नका. पात्याचा ओरखडा हँडलवर उमटतो, आणि धातूची किंवा कार्बनची नळी तुटते तेव्हा ती बऱ्याचदा अशा ओरखड्यापासूनच तडकायला सुरुवात होते. खाली केबल असते ती वेगळीच. चिकटलेला गोंद स्पिरिटच्या फडक्यानं पुसून काढा.

उघडं हँडल पाहा

हा भाग लोक गाळतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. टेप असताना हँडल झाकलेलं असतं. वर्षा-दोन वर्षांतून ते एकदाच दिसतं.

घामात मीठ असतं. ते टेपमधून झिरपून ॲल्युमिनियमवर बसतं आणि धातू खात राहतं. पांढरी भुकटी दिसली तर पुसा आणि खाली बघा. नुसता डाग असेल तर हरकत नाही. खड्डे पडले असतील, चीर दिसली, नळी कुठं चेपलेली असेल, तर नवी टेप लावू नका. हँडल बदला. खुलताबादचा घाट उतरताना हँडल तुटणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. बाहेरून नवी कोरी टेप आणि आत कुजलेलं हँडल यापेक्षा फाटकी टेप परवडली, ती निदान खोटं बोलत नाही.

याच वेळी केबलची आवरणं तपासा. तडकली असतील तर आत्ताच बदला, कारण नंतर बदलायची तर नवी टेप पुन्हा सोडावी लागेल. दोन्ही लिव्हर सारख्या उंचीवर आहेत का ते समोर उभं राहून पाहा. लिव्हरचा स्क्रू ॲलन कीनं तपासा. त्या भागावर किती ताण द्यायचा ते छापलेलं असलं तर तेवढाच द्या. केबल नळीला चिकटपट्टीनं तीन-चार ठिकाणी बांधून घ्या.

गुंडाळणं

आता प्रश्न येतो, सुरुवात कुठून? खालच्या टोकापासून, आणि शेवट मध्याजवळ. का? हात वरून खाली घसरत असतो. वरून गुंडाळलं तर प्रत्येक वेढ्याची कड वर उघडी राहते आणि हात तिला सोलत जातो. खालून गुंडाळलं की वरचा वेढा खालच्याची कड झाकतो. कौलं घालताना आपण हेच करतो, खालच्या ओळीवर वरची ओळ. प्रथमोपचारात बँडेजही खालून वरच बांधायला शिकवतात.

सुरुवातीला अर्धी रुंदी टोकाच्या बाहेर ठेवा. ती शेवटी आत खोचून वर बूच बसवायचं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश ते निम्मा चढला पाहिजे. वळणावर बाहेरच्या अंगाला फट पडते, तेव्हा तिथं जास्त चढवा. आतल्या अंगाला टेप आपोआप गोळा होते. ताण सारखा हवा. फेटा बांधणाऱ्याचे हात पाहिलेत? तो कापड कधी ढिलं सोडत नाही आणि कधी हिसकतही नाही. कॉर्कची टेप हिसकली तर तुटतेच.

दिशा हा वादाचा विषय आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. सायकलच्या मागे, बसल्यासारखे उभे राहा. खालच्या दांड्यावर हात असताना मनगटं नकळत बाहेरच्या बाजूला पिळतात. म्हणून उजव्या टोकाशी टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायची आणि डाव्या टोकाशी उलट, म्हणजे नळीच्या वरच्या अंगावरून ती बाहेर जाईल आणि हाताचा पीळ तिला घट्टच करेल. पण हीच टेप तशीच वर नेली, तर वरच्या आडव्या दांडीवर ती तुमच्यापासून पुढे जाते. आणि घाट चढताना आपण दांडी स्वतःकडे ओढतो. म्हणजे तिथं हाताचा पीळ टेपच्या विरुद्ध. ती सैल होणार.

उपाय दोन. लिव्हरपाशी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा तिरका वेढा घ्यायचा, की वर निघताना दिशा उलटते. याला टेप थोडी जास्त लागते. किंवा सुरुवातच खाली आतल्या दिशेनं करायची आणि लिव्हरच्या पट्ट्यावर तो छोटा तुकडा लावून, त्याच्या खालून-वरून सरळ पुढे जायचं. कोणता घ्यायचा? तुमचे हात कुठं राहतात ते बघा. दौलताबादपर्यंत समोरच्या वाऱ्यात वाकून जाणाऱ्याचे हात खाली असतात. घाटात सगळ्यांचेच वरच्या दांडीवर येतात. साठीनंतर पाठ फारशी वाकत नाही, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी वरच्या दांडीचा विचार आधी करावा.

शेवटी मध्याजवळ टेपचं टोक तिरपं कापा, म्हणजे कड सरळ बसते. त्यावर चिकटपट्टी, तिचा सांधा खालच्या अंगाला. रबरी आवरण परत बसवा, बुचं ठोकून घट्ट करा, हातानं ओढून पाहा. पहिल्यांदा तास-दीड तास लागेल. लागू द्या.

सांगता येतं ते, आणि येत नाही ते

तुम्ही म्हणाल, सर, "ताण सारखा हवा" म्हणजे किती? इथं मी अडतो, आणि हे अडणंच मला महत्त्वाचं वाटतं. मायकेल पोलान्यी या विचारवंतानं १९५८ च्या आपल्या ग्रंथात सायकलचंच उदाहरण घेतलं. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हँडल वळवतो आणि तोल सावरतो. किती वळवायचं याचं गणित मांडता येतं. पण ते गणित पाठ करून कोणी सायकल शिकत नाही, आणि शिकलेल्या बहुतेकांना ते गणित ठाऊक नसतं. आपल्याला सांगता येतं त्याहून जास्त आपल्याला येत असतं. टेपचा ताण तसाच आहे. मी कड दाखवू शकतो, दिशा सांगू शकतो. ताण तुमच्या बोटांनाच सापडेल.

आणि आपल्या शहरात सायकलच्या भागांविषयी बोलताना नागसेनाची आठवण न काढणं बरं नव्हे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव आहे आणि त्या परिसराला नागसेनवन. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? जू? एकेक भाग रथ नव्हे, आणि भागांवेगळा रथ कुठं सापडत नाही. "रथ" हे त्या जुळणीला दिलेलं नाव. सायकलची टेप बदला, केबल बदला, उद्या हँडलही बदला, तरी आपण "माझी जुनी सायकल" म्हणतोच. मग ती जुनी सायकल टिकते कशामुळे? मला वाटतं, हे भाग एकमेकांशी नीट जुळवून ठेवणाऱ्या लक्षामुळे. लक्ष सुटलं की भाग सगळे जागेवर असूनही सायकल उरत नाही, सांगाडा उरतो.

प्रश्नोत्तरांतून

*एका श्रोत्यानं विचारलं: दुकानात करून मिळतं, मग स्वतः कशाला?*

जरूर दुकानात करा, कारागिराचा हात आपल्याहून चांगलाच असतो. फक्त टेप उतरल्यावर तिथं उभे राहा आणि हँडल स्वतः पाहा. ते पाहणं दुसऱ्यावर सोपवू नका.

*दुसरा प्रश्न: एवढ्या बारीक गोष्टीनं खरंच फरक पडतो का?*

२०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांच्या संघानं अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर! इतक्या अंतरात तळहातावर पडणारे हादरे मोजायचे म्हटलं तर गणती होणार नाही. आपलं अंतर वेरूळपर्यंतचं, तीसेक किलोमीटर. पण हात तेच, नस तीच.

*तिसरा प्रश्न: बोटं आधीच बधिर होत असतील तर?*

मग टेपच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा. टेप नंतर.

घरी गेल्यावर बुचं बघा.