नगराचा लेखनिक

कारकुनी ही आमच्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली वृत्ति. तथापि ‘कारकून’ हा शब्द आपण बहुधा किंचित् तुच्छतेनेंच उच्चारितों. नगरपालिकेच्या खिडकीपलीकडे बसलेल्या गृहस्थाशीं आपला संबंध दाखल्यापुरता. दाखला हातीं पडला कीं तो सरला. परंतु मनुष्य जन्मला, वयांत आला, मतदानास पात्र झाला व निवर्तला, या चारही गोष्टी राज्याच्या दृष्टीनें लेखनिकाच्या नोंदीवांचून सिद्ध होत नाहींत, हें सुज्ञ वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

ही व्यवस्था केवळ इंग्रजी अमलांतली, असा पुष्कळांचा समज आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगरांतील दहा, वीस किंवा चाळीस कुलांवर ‘गोप’ नांवाचा अधिकारी सांगितला आहे. त्या कुलांतील स्त्रीपुरुषांची जाति, गोत्र, नांव, उद्योग व जमाखर्च त्यानें जाणून असावें, असा तेथें नियम आहे. मात्र गोपाची नोंद राजाच्या सोयीसाठीं होती. आजची नोंद प्रजेला आपला हक्क सांगतां यावा यासाठींही आहे, आणि हा भेद लहान नव्हे.

हक्क नांवावर किती अवलंबून असतो, हें स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत दिसून आलें. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीच्या याद्यांत सुमारें १७ कोटी ३० लक्ष मतदार होते. त्यांत स्त्रिया आठ कोटींच्या घरांत. याद्या करितांना बिहार, राजस्थान आदि उत्तरेकडील प्रांतांत अनेक स्त्रियांनीं स्वतःचें नांव सांगितलेंच नाहीं; ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेंच लिहिलें गेलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी मान्य केल्या नाहींत, आणि सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें अखेर वगळावीं लागलीं. निर्णय कठोर खरा. पण मत व्यक्तीचें असतें, नात्याचें नव्हे, हें त्यानें एकदांचें ठरवून टाकलें.

जन्माच्या नोंदीची कथा आमच्या प्रांतांत निराळी. साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी गृहस्थांची कागदावरील जन्मतारीख १ जून आढळते. घरून तारीख कळली नाहीं कीं शाळेंत तीच घालण्याचा प्रघात होता. आतां तसें चालत नाहीं. १९६९ च्या अधिनियमाप्रमाणें जन्म २१ दिवसांचे आंत कळवावा लागतो. रुग्णालयांत जन्म झाल्यास हें काम तेथील प्रमुख वैद्याचें, घरीं झाल्यास कुटुंबप्रमुखाचें. आपलें बारसें बहुधा बाराव्या दिवशीं होतें. म्हणजे पाळण्यांत ठेवलेलें नांव या मुदतींतच वहींत घालतां येतें. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस तर शाळाप्रवेश, मतदारयादी व विवाहनोंदणी यांसाठीं जन्मदाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत बहुतेक गांवांचा एकच ‘क्लार्क’ जन्म, विवाह व मृत्यु यांच्या वह्या राखतो आणि निवडणुकीची व्यवस्थाही पाहतो. आमच्याकडे हीं कामें विभागलीं आहेत. जन्ममृत्यूची वही नगरपालिकेकडे, तर मतदारयादी निवडणूक आयोगाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे. नगरपालिकेच्या निवडणुकीसही विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागवार विभागतात. त्या वेळीं चुकीच्या प्रभागांत गेलेलें नांव योग्य जागीं आणितां येतें. पण मूळ यादींत नसलेलें नांव नगरपालिकेच्या कारकुनास घालतां येत नाहीं. मतदानाच्या दिवशीं त्याच्यावर रागावणें म्हणूनच व्यर्थ होय.

या दोन वह्यांमधील दुवा म्हणजे आपलें कुटुंब. घरांतील वृद्ध निवर्तले कीं मृत्यूचा दाखला पेढीकरितां तत्परतेनें आणिला जातो. यादींतील त्यांचें नांव मात्र कमी करावयाचें राहतें. त्यासाठीं नमुना ७ आहे. सून घरीं येते, तिचें नांव माहेरच्या यादींतच राहतें. तिच्या स्थलांतरासाठीं नमुना ८. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली कीं नमुना ६. पूर्वीं यासाठीं १ जानेवारी ही एकच तारीख धरीत, आतां एप्रिल, जुलै व ऑक्टोबर यांची पहिली तारीखही धरितात.

पाडव्यास आपण पंचांग वाचून वर्षफल ऐकतों. त्याच दिवशीं कर्त्या पुरुषानें मतदारयादीही काढावी, घरांतील प्रत्येक नांव मोठ्यानें वाचावें, आणि ज्याचें त्यानें, सुनांनीं व लेकींनींही, आपलें नांव शुद्ध लिहिलें आहे कीं नाहीं तें सांगावें. चूक आढळल्यास अर्ज त्याच आठवड्यांत द्यावा. लेखनिक आपलें काम करील. पण आपण न कळविलेली गोष्ट त्याच्या वहींत कोठून येणार?